दोघांचं नाव, कुणाचा किती? जुळे सोलापुरातल्या एका घराचं प्रकरण

पक्षकारांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दोघांना मी, त्यांचा वकील, पहिल्या दिवसापासून ज्या नावांनी हाक मारत आलो तीच नावं इथे ठेवतो: सर आणि सिस्टर.

पार्श्वभूमी

सर अनुदानित शाळेत गणित शिकवायचे, २००८ मध्ये निवृत्त झाले. सिस्टर जिल्हा परिषदेच्या आरोग्य केंद्रात परिचारिका होत्या. दोघांना पेन्शन. सरांची पहिली बायको १९८४ मध्ये गेली, तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. १९८७ मध्ये सिस्टरशी दुसरं लग्न, दोन वर्षांनी मुलगा. थोरली याच घरात वाढली. ती सिस्टरना 'मावशी' म्हणते, आणि त्यात कधी कुणाला काही वावगं वाटलं नाही. लग्नानंतर ती लातूरला गेली. धाकटा पुण्यात, हिंजवडीला नोकरीला.

जुळे सोलापुरातला बिनशेती प्लॉट दोघांच्या नावे १९९९ मध्ये घेतला. त्यावर खाली तीन खोल्या, पुढे वर दोन खोल्या चढवल्या. बहुतेक पैसा सरांचा, शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज आणि पगारातून कापले जाणारे हप्ते. सिस्टरनी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढली आणि आईनं दिलेल्या पाटल्या मोडल्या. पाटल्यांची पावती त्यांनी अजून ठेवली आहे. मी मागितलीही नव्हती, तरी पहिल्याच भेटीत त्यांनी ती टेबलावर ठेवली.

दोघं माझ्याकडे आले ते डिसेंबर २०२२ मध्ये. सरांची अँजिओप्लास्टी होऊन दोन महिने झाले होते. चादरीच्या दुकानाच्या जाड कापडी पिशवीतून खरेदीखत, बिनशेतीचा सातबारा, महापालिकेचा उतारा, पतसंस्थेचा कर्जफेडीचा दाखला असं सगळं बाहेर आलं. सरांनी विषय एका वाक्यात मांडला. "घर दोघांच्या नावावर आहे, मी गेलो की हिचं होईल, हिच्यानंतर दोघं पोरं वाटून घेतील. एवढं कागदावर आणायचंय, बाकी काही नाही."

त्या वाक्यातली एकही गोष्ट आपोआप घडणारी नव्हती.

नेमकी अडचण

सरांचा समज बँकेतून आला होता. त्यांच्या सगळ्या ठेवी 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे एक गेला की दुसऱ्यानं सही करून पैसे काढायचे. घराचंही तसंच असणार, असं त्यांनी धरून चाललं होतं. खरं तर बँकेतसुद्धा त्या शब्दांनी एवढंच ठरतं की पैसे कुणाच्या हातात द्यायचे. पैशावर शेवटी हक्क कुणाचा, हे वारसा कायदाच ठरवतो.

घराच्या बाबतीत आपल्याकडे नियम असा: दोघांच्या नावे खरेदी झाली आणि खरेदीखतात वेगळं काही लिहिलं नसेल, तर प्रत्येकाचा हिस्सा स्वतंत्र. माणूस गेला की त्याचा हिस्सा जोडीदाराकडे नाही, त्याच्या वारसांकडे जातो. जोडीदार त्या वारसांपैकी फक्त एक. हिस्सा किती, याबद्दल मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ४५ सांगतं की ज्यानं जितके पैसे घातले तितका त्याचा हिस्सा. त्याचा पुरावा नसेल तर दोघांचा सारखा धरायचा. सरांच्या खरेदीखतात पान तीनवर '१)' आणि '२)' अशी दोन नावं एकाखाली एक होती. हिश्श्याबद्दल अख्ख्या दस्तात एक अक्षर नव्हतं.

हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ लावून मी कागदावर हिशोब मांडला. गणिताच्या सरांपुढे गणित मांडायला जरा संकोच वाटत होता. घराची किंमत ६० लाख धरली, हिस्सा अर्धा-अर्धा.

सर आधी गेले, तर त्यांचं अर्धं बायको, मुलगी आणि मुलगा या तिघांत समान वाटलं जाणार. थोरलीला घराचा सहावा हिस्सा, म्हणजे १० लाख. सिस्टरकडे स्वतःचं अर्धं आणि हा सहावा, मिळून दोन तृतीयांश. पुढे सिस्टर मृत्युपत्र न करता गेल्या, तर कलम १५ प्रमाणे त्यांची मुलं वारस. सावत्र मुलं त्यात येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं लछमन सिंग विरुद्ध किरपा सिंग या १९८७ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. म्हणजे ते सगळं धाकट्याकडे. थोरली १० लाखांवरच थांबते.

आता उलटं धरा. सिस्टर आधी गेल्या, तर त्यांचं अर्धं नवरा आणि मुलगा यांच्यात. सरांकडे पाऊण घर. त्यांच्यानंतर ते दोन मुलांत निम्मंनिम्मं. थोरलीला तीन अष्टमांश, साडेबावीस लाख.

तेच घर, तीच माणसं. आधी कोण जातं एवढ्यावर थोरलीच्या वाट्यात साडेबारा लाखांचा फरक. सर बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "हे बरोबर आहे, पण हे बरोबर नाही." सिस्टर काहीच बोलल्या नाहीत.

आणखी एक गाठ होती. अर्धा-अर्धा हा केवळ अंदाज, पुरावा आला की तो मोडतो. सरांच्या हिशोबानं पैसे ७० : ३० असे लागले होते आणि पतसंस्थेच्या नोंदी शाबूत होत्या. म्हणजे उद्या वाद झाला, तर सिस्टरचं अर्धं ३० टक्क्यांवर यायला एक पासबुक पुरे होतं.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय धाकट्यानं पुण्याहून फोनवर आणला. त्यानं कुठेतरी इंग्रजीत वाचलं होतं की नवरा-बायकोनं 'जॉइंट टेनन्सी' तोडून 'टेनन्सी इन कॉमन' करावी, एक नोटीस दिली की काम होतं. ते वाचन खोटं नव्हतं, फक्त इंग्लंडचं होतं. तिथे जोडपी सर्रास उत्तरजीवी हक्कासह घर घेतात. एक गेला की अख्खं घर दुसऱ्याचं, मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो. ते नको असेल तर १९२५ च्या त्यांच्या कायद्यानुसार लेखी नोटीस देऊन हिस्से वेगळे करतात. आपल्याकडे तोडायला काही जुळलेलंच नसतं. हिस्से मुळातच वेगळे असतात, फक्त किती ते कुणी लिहून ठेवत नाही. हे त्याला समजावण्यात माझी एक संध्याकाळ गेली, पण वाया गेली नाही. त्या दिवसापासून तो या कामात मनापासून उतरला.

दुसरा पर्याय नेमका याच्या उलट, उत्तरजीवी हक्क लिहून घेण्याचा. दस्त करून 'मागे राहील त्याचं घर' ठरवता येतं. सरांना मनातून हेच हवं होतं. पण सर आधी गेले तर अख्खं घर सिस्टरचं आणि सिस्टरनंतर धाकट्याचं, थोरलीला शून्य. सिस्टर म्हणाल्या, "मी तिला देईन की." देतील, यात मला शंका नव्हती. पण ज्या कागदाचा उपयोग कुणाच्या चांगुलपणावर अवलंबून, तो कागद करायचाच कशाला?

तिसरा, सोलापुरात फार ऐकू येणारा: 'आत्ताच मुलांच्या नावावर करून मोकळे व्हा.' याला माझा सहसा विरोध असतो. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ आहे, सांभाळण्याच्या अटीवर दिलं आणि अट मोडली तर दस्त रद्द करून घेता येतो. पण सत्तरीनंतर न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढायची वेळच का आणावी? सरांना हे लगेच पटलं, त्यांच्या गल्लीतच एक उदाहरण होतं.

हक्कसोडपत्राचा सल्ला एका नातेवाइकानं दिला होता. त्यावर पाच मिनिटंही गेली नाहीत. नाममात्र मुद्रांकातलं हक्कसोडपत्र वडिलोपार्जित मिळकतीसाठी असतं. स्वकमाईच्या मिळकतीत खरेदीसारखंच शुल्क लागतं.

उरला एकत्रित मृत्युपत्राचा पर्याय, एकाच कागदावर दोघांच्या सह्या. जोडप्यांना हे फार आवडतं, लग्नपत्रिकेसारखं दिसतं ते. मला आवडत नाही. एक गेल्यावर दुसऱ्याला त्यात बदल करता येतो की नाही, यावरच पुढे भांडणं होतात.

(हे घर फ्लॅट असतं तर नामनिर्देशनाचा मुद्दाही आला असता. सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे वारस ठरला, हा समज फार पक्का आहे. तसं नसतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायद्यात नॉमिनीला 'तात्पुरता सदस्य' करतात, मालकी वारसांचीच राहते.)

शेवटी मी जे सुचवलं ते असं. बक्षीसपत्रानं हिस्से कायमचे अर्धे-अर्धे करून टाकायचे. सोबत दोघांनी स्वतंत्र मृत्युपत्रं करायची. सरांचं अर्धं थोरलीला, सिस्टरचं अर्धं धाकट्याला, आणि मागे राहणाऱ्याला दुसऱ्याच्या हिश्श्यात हयातभर राहण्याचा हक्क. दोन्ही मुलांना शेवटी ३०-३० लाखांचं घर. यातली जमेची बाजू ही की सिस्टरनी पुढे मृत्युपत्र बदललं किंवा फाडून टाकलं, तरी थोरलीच्या अर्ध्याला धक्का लागत नाही. कुणी कुणावर विश्वास ठेवायची गरजच नाही.

जिथे गाडी अडली

मसुदा वाचून दाखवला त्या दिवशी त्यांच्या भागात पाणी आलं होतं. सोलापुरात पाण्याचा दिवस म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. सिस्टर टाक्या भरून, ओल्या पदरानं, उशिरा येऊन बसल्या. 'हयातभर राहण्याचा हक्क' हे शब्द आले आणि त्यांनी मला थांबवलं.

"म्हणजे मी माझ्याच घरात भाडेकरू?"

मी कायद्याचं उत्तर दिलं: अर्ध्याच्या तुम्ही मालकीण, उरलेल्या अर्ध्यातून तुम्हाला कुणी काढू शकत नाही. त्यांना हे उत्तर नको होतं. छत्तीस वर्षं संसार केल्यावर नवऱ्याचा हिस्सा आपल्या नावावर न येता थेट मुलीकडे जातो, याचं त्यांना वाईट वाटलं होतं. आणि वाटू नये असं त्यात काही नव्हतं. सर उठून आत गेले आणि पाटल्यांची पावती घेऊन आले. "वकीलसाहेब, हिचं तीस टक्के नाही. अर्धं. ते आधी लिहा, आजच लिहा. बाकीचं नंतर वाचू." क्रम बदलला. आधी बक्षीसपत्र पूर्ण करायचं, मृत्युपत्रं त्यानंतर. कायद्याच्या दृष्टीनं क्रमानं फारसं बिघडत नव्हतं, पण घरातली हवा तिथे बदलली.

दुसरी अडचण माझ्या बाजूची. हिंदू स्त्रीला मृत्युपत्रानं मर्यादित हक्क दिला, तर उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४(२) प्रमाणे तो मर्यादितच राहतो. पण तो तिच्या पोटगीच्या आधीपासूनच्या हक्कापोटी दिला गेला असेल, तर कलम १४(१) खाली तो पूर्ण मालकीत बदलतो. तुलसम्मा विरुद्ध शेषा रेड्डी या १९७७ च्या निकालापासून हा वाद चालू आहे, आणि या मृत्युपत्रांनंतर, डिसेंबर २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं तो मोठ्या खंडपीठाकडे सोपवला. या वादामुळे मी मसुद्यात शब्द आवळून लिहिले: फक्त स्वतः राहण्याचा हक्क, विकणं-गहाण ठेवणं नाही, सिस्टरना स्वतःची पेन्शन आणि स्वतःचा अर्धा हिस्सा आहे, त्यांचा उदरनिर्वाह या हक्कावर अवलंबून नाही. हा आवळपणा पुढे मलाच भोवला.

काय काय केलं

बक्षीसपत्र मार्च २०२३ मध्ये नोंदवलं. ७० : ३० अशी गुंतवणूक मान्य करून सरांनी आपल्यातले २० टक्के सिस्टरना दिले. पतीकडून पत्नीला राहत्या घराचं बक्षीस, म्हणून मुद्रांक फक्त २०० रुपये. पण महापालिका हद्दीतला एक टक्का अधिभार सुटत नाही, हे लोक विसरतात. सरकारी दरानं घर ४८ लाखांचं, त्यातले २० टक्के ९ लाख ६० हजार, अधिभार ९,६०० रुपये. आयकराचा प्रश्न नव्हता, नवरा-बायकोतली भेट करमुक्त असते.

फेरफाराला मात्र वेळ लागला, आणि चूक माझी होती. खरेदीखतात सिस्टरचं नाव नवऱ्याच्या नावासह आणि पेन्शनच्या कागदात, आधारवर माहेरचं. मी दोन्ही कागद पाहिले होते, पण शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. प्रतिज्ञापत्र करून पुन्हा अर्ज केला, तोवर उन्हाळा संपला होता.

मृत्युपत्रं जूनमध्ये केली. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक. आम्ही १०० रुपये भरून नोंदवली. सरांच्या हृदयरोगतज्ज्ञांचा 'शुद्धीत, समजून सही केली' असा दाखला जोडला. दोन साक्षीदार सरांचे सकाळी फिरायला जाणारे मित्र. सरांच्या मृत्युपत्रात धाकट्याच्या आग्रहावरून एक कलम घातलं: थोरलीला हिस्सा विकायचा झाला, तर आधी भावाला विचारायचं. "मी परत येईन की नाही माहीत नाही," तो म्हणाला, "पण घर तिसऱ्याकडे नको."

थोरलीला मी शेवटी बोलावलं, मसुदे तयार झाल्यावर. ती शांतपणे वाचत गेली. वीस टक्क्यांच्या बक्षिसाशी थांबून एवढंच म्हणाली, "हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं." हिशोबाचा कागद दाखवल्यावर तिची हरकत उरली नाही, पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

पुढे काय झालं

सर ऑगस्ट २०२४ मध्ये गेले. घराच्या कागदांवरून एकही उंच आवाज झाला नाही. सोलापुरात प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर, सक्तीचं नसल्यानं नोंदवलेल्या मृत्युपत्रावर थोरलीचं नाव लागलं, सिस्टरच्या राहण्याच्या हक्काची नोंद इतर हक्कांत झाली. एक साक्षीदार सरांच्याही आधी, त्याच वर्षी गेले होते. दुसरे होते म्हणून निभावलं.

अडचण आली ती वरच्या दोन खोल्यांची. एकटं राहणं नको म्हणून सिस्टरनी त्या अभियांत्रिकीच्या दोन मुलींना भाड्यानं दिल्या, महिना सात हजार. जावयांनी लातूरहून सहज विचारल्यासारखं विचारलं की भाड्यातलं अर्धं कुणाचं. मृत्युपत्रात 'स्वतः राहण्याचा हक्क' एवढंच होतं, भाड्याबद्दल अवाक्षर नाही. कलम १४(१) च्या भीतीनं मी तो शब्द टाळला होता. कायद्यानं थोरलीच्या हिश्श्याचं भाडं थोरलीचं, हे मला सिस्टरना सांगावं लागलं, आणि ते सांगताना मला माझ्याच कागदाचा राग आला.

तोडगा थोरलीनंच काढला. अर्धं भाडं तिनं घ्यायचं आणि घराच्या दुरुस्तीच्या खात्यात ठेवायचं. सिस्टर दर महिन्याच्या पाच तारखेला साडेतीन हजार पाठवतात. मागच्या पावसाळ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग त्यातूनच झालं.

आज हेच काम आलं तर

थोरलीला पहिल्या महिन्यातच, वेगळं बसवून भेटेन. दुसऱ्या लग्नाच्या घरात पहिल्या लग्नाच्या मुलाला शेवटी बोलावणं म्हणजे ठरवून मग सांगणं, मग कागद कितीही न्यायाचा असो.

साक्षीदारांत एक तरी पन्नाशीच्या आतला घेईन. फिरायला जाणारे मित्र भरवशाचे असतात, पण पक्षकाराच्याच वयाचे असतात.

भाडं, मोठी दुरुस्ती, घरपट्टी या तिन्हींवर एकेक ओळ घालेन. मालकी हक्क न वाढवताही भाड्याची सोय लिहिता येते. जास्त विचार करावा लागतो एवढंच.

७० : ३० चं बक्षीसपत्र मात्र आजही करेन. ९,६०० रुपये वाचवून मृत्युपत्रात 'आमचे हिस्से समान' एवढं वाक्य घालून भागलं असतं, असं एका सहकाऱ्यानं सुचवलं. पण मृत्युपत्र उद्या बदलता येतं, बक्षीसपत्र नाही. सिस्टरना हवं होतं ते न बदलणारं काहीतरी.

एक काम अजून बाकी आहे. सिस्टरच्या मृत्युपत्रात सरांच्या राहण्याच्या हक्काचं कलम तसंच आहे. त्यानं बिघडत काही नाही, हिस्सा धाकट्याकडेच जाईल, पण नवं साफ करून घ्यावं असं मी दोनदा सांगितलं. त्या येतात, पिशवी टेबलावर ठेवतात, शेंगाच्या चटणीची पुडी देतात, सरांचं नाव असलेलं ते पान उलटून बघतात आणि पिशवी पुन्हा बांधतात. "गड्डा यात्रा होऊ द्या, मग बघू." गड्डा होऊन गेला की म्हणतात, पुढच्या गड्ड्यानंतर.